चुलीवरचा नोड

“माझं मशीन तर चुलीवर व्हतं. त्यानं ‘व्हय’ कवा म्हणलं?”

हौसामावशी मला विचारत होत्या आणि मी मोबाईलच्या स्क्रीनकडं बघत होतो. स्क्रीनवर स्वच्छ मराठीत लिहिलं होतं : ‘दुरुस्ती मान्य. मान्यता देणारे नोड : चारपैकी चार.’ त्या चारांत मावशींच्या वाडीचं नाव होतं. नावापुढं हिरवा ठिपका होता.

मला हे नीट सांगता येईल का, माहीत नाही. प्रयत्न करतो.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव अवसरी बुद्रुक. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळं इंटर्नशिप म्हणजे काय हे घरी सांगताना मी ‘नोकरीसारखंच, पण शिकाऊ’ एवढंच सांगितलं होतं. मंचरच्या एका कंपनीत ती मिळाली. ही कंपनी डोंगरातला हिरडा गोळा करून औषधं बनवणाऱ्यांना विकते. घोडेगावहून वर जाणारी एसटी जिथं संपते, तिथल्या वाड्यांमधली माणसं उन्हाळ्यात कोवळा हिरडा उतरवतात आणि कातळावर वाळवतात. तो नीट वाळला नाही तर त्याला बुरशी येते. सगळा खेळ या ओलाव्याचा.

हौसामावशी अशाच एका वाडीच्या बचत गटाच्या प्रमुख. आदल्या वर्षी बऱ्याच गावांची पोती एकत्र झाली, काही माल ओला निघाला आणि दोष यांच्या वाडीवर आला. नोंदी फक्त मंचरच्या ऑफिसात होत्या, त्यामुळं यांचं कोणी ऐकलं नाही. तेव्हापासून यांची पोती काट्यावर आली की हमाल म्हणायचे, “आली बघा ओली वाडी.” ते नाव चिकटलं. वाडीच्या पोरी लग्न होऊन खाली गेल्या, तर तिथंही चेष्टेत तेच नाव.

म्हणून सरांनी ब्लॉकचेन आणलं. सर म्हणजे आमचे मॅनेजर. ब्लॉकचेन म्हणजे, सोप्या भाषेत, एकच नोंद बऱ्याच ठिकाणी सारखी ठेवायची. कोणाला एकट्याला ती बदलता येत नाही. दुरुस्ती करायची तर बाकीच्यांची संमती लागते, आणि जुनी नोंदही तशीच दिसत राहते. अशी एकेक प्रत सांभाळणारं आणि संमती देणारं मशीन म्हणजे नोड. आमचे चार नोड ठरले : मंचरचं ऑफिस, जुन्नरचं केंद्र, घोडेगावात एका शेठांचं दुकान, आणि चौथा कुठं ठेवायचा यावर मीटिंग चालली होती.

“आमच्या घरात ठिवा,” मावशी म्हणाल्या.

सरांना ते फार आवडलं. लगेच फोटो काढला.

नोड बसवायचं काम माझं होतं. पत्त्यांच्या कॅटाएवढा छोटा कॉम्प्युटर असतो, एकाच बोर्डावर सगळं. मेमरी कार्डावर सिस्टिम टाकायची, मग नोडचं सॉफ्टवेअर. मग त्या नोडची ‘की’ तयार करायची. की म्हणजे आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ. ती त्या नोडचा अंगठा समजा. संमती दिली ती खरंच त्यानंच दिली का, हे त्या कीवरून कळतं.

लाईट अचानक गेली की ही कार्डं खराब होतात. म्हणून कीचा बॅकअप घ्यायचा असतो. आम्हाला कॉलेजात तसंच शिकवलं आहे. मी प्रत्येक की पेन ड्राइव्हवर घेतली, पाकिटात घातली, वर गावाचं नाव लिहिलं आणि पाकिटं ऑफिसच्या कपाटात ठेवली. सर म्हणाले, “गुड. असं सिस्टिमॅटिक काम पाहिजे.” मला बरं वाटलं होतं.

मावशींच्या घरात रेंज फक्त मागच्या खिडकीत होती. तिथं फळी ठोकली, डोंगल लावला, लहानशी बॅटरी जोडली. हिरवा ठिपका आला तेव्हा गटातल्या सगळ्या बायका जमल्या होत्या.

“ह्यो ठिपका म्हंजी आमची वाडी?”

“हो. आता तुमच्या मालाच्या नोंदीत कोणी बदल करायला गेलं, तर हे मशीन तुम्हाला विचारणार. इथं बटण दाबायचं, हो किंवा नाही.”

“इचारतंय तरी,” मागून कोणीतरी म्हणालं. “आमच्या मालकापरीस बरं हाय.”

सगळ्या हसल्या. मीही हसलो. मग मालाचा ओलावा सगळ्यांसमोर मीटरनं मोजला. मर्यादेच्या बराच आत होता. नोंद केली. पोती मंचरच्या गोडाऊनला गेली.

पावसाळा लागला आणि वाडीची लाईट गेली. मावशींचा फोन आला. “पोरा, भित्तीला पाझर फुटलाय. मशीन भिजंल म्हणून मी काढलं अन् चुलीवरच्या माळ्यावर ठिवलं. बियाणाशेजारी. चालंल का?”

डोंगरात पावसाळ्यात जे कोरडं राहायला हवं ते सगळं चुलीच्या वर जातं. भाताचं बी, नाचणीचं, वरईचं. मशीनला तिथं जागा मिळाली म्हणजे मान होता. मी म्हणालो, चालेल. नोड काही दिवस बंद राहिला तर बिघडत नाही. चालू झाला की मागच्या नोंदी स्वतःच भरून घेतो.

ऑफिसात मात्र डॅशबोर्डवर, म्हणजे सगळे नोड दिसणाऱ्या स्क्रीनवर, वाडीपुढं लाल ठिपका आला. शेठांनी फ्रीजसाठी प्लग काढला होता, तिथंही लाल. जुन्नरचं अधूनमधून.

“हे लाल काय आहे?” सर म्हणाले. “फंडिंगवाले येतायत व्हिजिटला.”

“सर, पावसाळ्यात असं होणारच.”

“त्यांना पावसाळा दाखवायचाय का डॅशबोर्ड?”

मग माझी परीक्षा आली, मी सुट्टीवर गेलो. परत आलो तेव्हा ऑफिसच्या टेबलावर चार छोटे कॉम्प्युटर ओळीनं लावलेले होते. एकाच एक्स्टेन्शन बोर्डला. प्रत्येकावर गावाच्या नावाचं लेबल. कपाटातली पाकिटं फोडलेली.

“सर, या की तर...”

“टेम्पररी आहे रे.”

“पण मग चार नोड राहिले कुठं?”

“मोज की. चार नाहीत?”

मी मोजले. चार होते. मी ईमेलवर लिहून दिलं की हे बंद करायला हवं. उत्तर आलं नाही.

त्याच पावसात गोडाऊनचं छत गळलं. भिंतीकडची पोती वाडीची होती. औषध कंपनीनं माल परत पाठवला, बुरशी म्हणून. गोडाऊनचा दोष मान्य केला असता तर सगळाच माल संशयात आला असता. त्यापेक्षा वाडीच्या मूळ नोंदीला ‘दुरुस्ती’ जोडणं सोपं होतं : ओलावा मोजताना चूक झाली होती, माल आधीपासूनच ओला होता. संमती, चारपैकी चार.

हे मला मावशींनी फोन करून वाडीवर बोलावल्यावर कळलं. तेव्हाच त्यांनी तो पहिला प्रश्न विचारला. मी टेबलाचं सांगितलं. त्यांनी डोक्यावर इरलं घेतलं आणि म्हणाल्या, “चल. गाडी यील.”

घोडेगावला गाडी बदलायची होती. शेठांच्या दुकानात थांबलो. शेठांचे आजोबा राजस्थानातून आलेले, शेठ मात्र बोलायला अस्सल घोडेगावचे. त्यांना त्यांच्याही नावाची संमती दाखवली. ते आधी हसले, मग हसायचे थांबले.

“भाऊ, मी दुकानाचा शिक्का सख्ख्या पोराजवळ ठेवत न्हाई. तुमी माझा अंगठा कापून नेला अन् मला ‘मशीन बसवलं’ म्हणून सांगितलं, राव.”

मंचरला सरांनी चहा मागवला. त्यांनी मावशींना स्क्रीन दाखवली.

“सिस्टिममध्ये कोणाला फेरफार करता येत नाही, मावशी. तोच तर फायदा आहे. इथं बघा, तुमच्या वाडीनं स्वतः मान्य केलंय.”

“मी न्हाई क्येलं.”

“तुमच्या नोडनं केलंय.”

मी म्हणालो, “सर, तो नोड या टेबलावर आहे.” माझा आवाज फार लहान निघाला. एवढा की मला वाटलं कोणी ऐकलंच नाही.

सरांनी ऐकलं होतं. “तू इंटर्न आहेस ना? मग शिक.”

मावशी उठून टेबलाशी गेल्या. त्यांना वाचता येतं, सावकाश. लेबलावर बोट फिरवत त्यांनी वाडीचं नाव वाचलं. “ही आमची वाडी,” त्या म्हणाल्या. “कोरडी हाय की.”

चहा तसाच राहिला.

पुढं काही झालं नाही. मी औषध कंपनीला पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं : चारही पक्षांची संमती रेकॉर्डवर असल्यानं विषय संपला आहे. वाडीचं नाव खरेदीच्या यादीतून गेलं. ‘ओली वाडी’ हे आता नुसतं हमालांचं बोलणं राहिलेलं नाही, त्याला चार जणांची मान्यता आहे आणि ते पुसता येत नाही. मला सर्टिफिकेट मिळालं. त्यावर लिहिलंय, चार गावांत चार नोड यशस्वीपणे बसवले. प्रोजेक्ट रिपोर्टात मी खरं काय झालं ते लिहिलं. कॉलेजातले गाईड म्हणाले, “हा टेक्निकल मुद्दा नाही.” मी तो परिच्छेद तसाच ठेवला. मार्क कमी पडले.

इंटर्नशिप संपायच्या आधी, पावसाळा सरल्यावर, कंपनीनं मला मशीन परत आणायला पाठवलं होतं. मावशींनी ते माळ्यावरून काढलं, पदरानं काजळी पुसली. लाईट होती. “एकदा लावून तर बघ,” त्या म्हणाल्या.

लावलं. मशीन ठणठणीत चालू झालं. नेटला जोडायला गेलं आणि मेसेज आला : ‘या नावाचा नोड आधीच हजर आहे. प्रवेश नाकारला.’

“काय म्हणतंय?”

मी वाचून दाखवलं.

त्यांनी माळ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, “काढ ते. बियाची जागा आडवून बसलं व्हतं.”

आता कोणी मला ब्लॉकचेन समजावून सांग म्हणालं, तर मी नोड किती आहेत हे विचारत नाही. कपाटाची किल्ली कोणाकडं आहे, एवढंच विचारतो.