खिडकीतलं हिरवं

आमच्या बंगळूरमधल्या येलहंक्याच्या घराला देशपातळीवरचा पुरस्कार मिळाला आहे. घराला, आम्हाला नाही. हे आधीच सांगते, कारण लोक अभिनंदन माझं करतात, आणि मी त्या घरात आजवर साधा खिळासुद्धा स्वतःच्या मर्जीने ठोकलेला नाही. रविवारी कधी कधी आर्किटेक्चरची मुलं-मुली येतात, जिन्याचे फोटो काढतात, भिंतीवरून हात फिरवतात. मी त्यांना चहा देते. एखादी धीट मुलगी विचारते, "आंटी, अशा घरात राहायला कसं वाटतं?" मी म्हणते, "झाडून काढायला फार आहे." त्या हसतात आणि मी सुटते. परीक्षक घर बघायला आले त्या दिवसाबद्दल मात्र मी कुणाशी बोलत नसे. आज लिहिते आहे, ते ह्यांनीच 'लिही' म्हटलं म्हणून.

हे म्हणजे माझे यजमान. सरकारी विमान कारखान्यात इंजिनिअर होते. सगळी नोकरी क्वार्टर्समध्ये काढली आणि निवृत्त झाल्यावर हा प्लॉट बांधायला घेतला. एचएसआर लेआउटमध्ये ऑफिस असलेली एक नागपूरची मुलगी आम्हाला आर्किटेक्ट म्हणून मिळाली. स्वतंत्रपणे करत असलेलं तिचं हे पहिलंच घर. बाकीच्या आर्किटेक्टांनी आल्या आल्या दर्शनी भाग किती भारी करता येईल ते सांगितलं होतं. ही पोरगी आली ती शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधल्या करंजाकडे बघतच उभी राहिली. "काका, हे झाड आपलं नाही, पण घर आपण ह्याच्यासाठीच बांधू," म्हणाली. ह्यांनी तिथल्या तिथे तिला काम दिलं. मला वाटलं, दोघंही वेडे.

पण घर तिने तसंच बांधलं. काळ्या दगडाचा जिना वर चढतो, आणि तो जिथे संपतो तिथे भिंतभर एकच खिडकी, खिडकीत बसायला रुंद ओटा, आणि समोर नुसता करंज. दुसरं काही दिसूच नये अशी ती खिडकी. बांधकाम चालू असताना हे डोळ्यांत तेल घालून रोज उभे असत. पायऱ्या एकमेकींपासून केसभर हलल्या तरी गवंड्याला उखडायला लावत. आम्ही राहायला जायच्या आदल्या आठवड्यात फोटोग्राफर आला. चपला नाहीत, बादली नाही, वाळत घातलेला टॉवेल नाही. ते फोटो मी पाहिले तेव्हा मला वाटलं, इथे माणसं राहणार नाहीत, नुसते विचार राहणार. तरी कबूल करते, घर चांगलंच आहे. एप्रिलमध्येसुद्धा आम्हाला दुपारी पंखा लागत नाही.

राहायला आल्यावर वर्ष-दीड वर्षात ह्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत जातो असं डॉक्टर म्हणाले. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. बोलणाऱ्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. इंजेक्शनं झाली, आणि जे होतं ते टिकवायचं एवढंच उरलं. ह्यांनी माझ्याकडून शब्द घेतला की बाहेर कुणाला कळता कामा नये. लेकीला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, संपलं. सख्ख्या भावालाही सांगितलं नाही. ड्रॉइंगमधली बारीकशी चूक उभ्या उभ्या पकडणारा माणूस, ही त्यांची जन्मभराची ओळख. डोळे जाण्यापेक्षा ती ओळख जाईल ह्याचीच त्यांना जास्त धास्ती होती. सकाळी पेपर हातात धरून ते गेटाशी उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बातम्यांवर वाद घालत. त्या बातम्या मी आधीच चहाबरोबर वाचून दाखवलेल्या असत. समोरच्या घरातल्या अक्का मला म्हणायच्या, "तुमच्या ह्यांची नजर काय हो तेज!" मी मूग गिळून गप्प बसायची.

काळ्या जिन्याला काळ्या पायऱ्या, त्यामुळे त्यांना कुठली पायरी कुठे संपते ते कळेना. एकदा घसरले, थोडक्यात वाचले. मग मी पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका दुकानातून पिवळीधमक पट्टी आणली, कारखान्यात जमिनीवर चिकटवतात तसली, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला लावली. "जिना आहे की स्पीडब्रेकर?" असं म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण तिसऱ्या दिवसापासून भराभरा वर जाऊ लागले. वर गेले की ओट्यावर बसायचं, करंजाकडे तोंड करून. फांदी फांदी दिसत नसे, पण हिरवं दिसे. "तेवढं पुरे आहे," म्हणायचे.

आम्ही पुण्याला लेकीकडे महिनाभर राहून आलो, तेवढ्यात झाड तोडलं. प्लॉट विकला गेला होता, नव्या मालकाने पाया खणायला घेतला होता. प्रवासाच्या शिणाने हे दोन दिवस खालीच पडून होते. मी वर गेले, तर खिडकीत नुसतं आभाळ. धूळ तर घरभर. मेस्त्रीला गाठून मी मनसोक्त भांडले. "सरी अक्का, नाळे हाक्तीनि," उद्या लावतो म्हणाला, आणि शब्दाला जागून दुसऱ्याच दिवशी त्याने आमच्या बाजूला उंच बांबूंवर हिरवी जाळी लावली. मी ती धुळीसाठी मागितली होती.

हे वर गेले, बसले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "नवी पालवी आलीय वाटतं. रंग गडद झालाय."

मी दारातच थांबले. खालून खणण्याचा आवाज येत होता. त्यांनी विचारलं, "बांधतायत वाटतं. झाडाला हात नाही ना लावला?"

मी म्हटलं, "चहा गार होतोय."

असे चार महिने गेले. वारा आला की जाळी हलायची, आणि हे खुशीत यायचे. त्या माणसाकडे दुसरं काय उरलं होतं? मला त्याचा पश्चात्ताप नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा चहा गार होईल.

मग आर्किटेक्ट पोरीचा फोन आला. आमचं घर पुरस्काराच्या शेवटच्या यादीत आलं होतं आणि परीक्षक प्रत्यक्ष बघायला येणार होते. आदल्या दिवशी ती आली ती जिन्यापाशीच थबकली. "काकू, हे पिवळं काय लावून ठेवलंय? नातीसाठी का? उद्यापुरतं काढू या ना, प्लीज. हा जिनाच तर ते बघायला येऊन राहिले." मी ह्यांच्याकडे बघितलं. शब्द दिलेला होता, त्यामुळे माझं तोंड बांधलेलं. हेच म्हणाले, "काढ, काढ. ती हिचीच हौस आहे." तिने बसून एकेक पट्टी सोलली. खिडकीकडेही तिचं लक्ष गेलं. झाड गेल्याचं तिला मी फोनवर कळवलं होतं. ती हळूच म्हणाली, "काकू, काकांना फार लागलं असेल ना?" मी मान हलवली. काय सांगणार?

रात्रभर मला झोप नाही. ह्यांना म्हटलं, "उद्या वर जाऊ नका, खालीच बसा. गुडघा दुखतो म्हणा." तर उसळून म्हणाले, "ह्या घराचा दगड न् दगड मी बसवून घेतलाय. ते दुसरा कोण दाखवणार?"

परीक्षक तिघं होते. दिल्लीकडचे दोन गृहस्थ आणि एक वयस्क बाई. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. अंगणापासून सुरुवात केली. गिलाव्यात काय मिसळलं, पाणी कुठून कुठे जातं, वरची हवा खाली कशी येते, सगळं कारखान्यातल्यासारखं खणखणीत इंग्रजीत. पाठ होतं त्यांना घर. जिना चढताना मी मागेच होते, माझा जीव टांगणीला लागलेला. एक हात भिंतीला लावून, बोलता बोलता, ते एकही पायरी न चुकता वर पोचले. मला वाटलं, निभावलं.

वर पोचल्यावर ते खिडकीपाशी उभे राहिले आणि अभिमानाने हात पुढे केला. "हे सगळं घर ह्या झाडासाठी आहे. वाऱ्यावर कसं डोलतंय पाहा!"

पोरगी माझ्याकडे बघू लागली. बाईंनी नजर खाली वळवली. पण परीक्षकांतल्या तरुण गृहस्थांना वाटलं असावं की आपल्यालाच दिसत नाहीये. ते खिडकीशी वाकले, इकडेतिकडे बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "कौन-सा पेड़, सर?"

ह्यांचा हात तसाच पुढे राहिला. मग तो खाली आला. मान माझ्या दिशेला वळली आणि मराठीत, आम्ही दोघंच असताना बोलतात तशा आवाजात, त्यांनी विचारलं, "मग ते हिरवं काय आहे?"

चहा कुठे होता तिथे?

"जाळी आहे," मी म्हटलं. "बांधकामाची."

"आणि झाड?"

"आपण पुण्याला होतो तेव्हाच तोडलं."

ते परीक्षकांकडे वळले आणि त्याच कारखान्यातल्या इंग्रजीत म्हणाले, माफ करा, मला नीट दिसत नाही. भावाला सांगितलं नाही ते वाक्य त्यांनी तीन परक्या माणसांसमोर उच्चारलं. आवाज कापला नाही.

पट्ट्या कशासाठी होत्या ते पोरीला तेव्हा कळलं. तिने परीक्षकांना सांगितलं की ह्या जिन्याच्या कडा दिसत नाहीत, तो तिचा दोष आहे, ह्या घरात त्यावर पिवळ्या पट्ट्या होत्या आणि आजच्यासाठी त्या तिनेच काढल्या. पहिल्या पुरस्काराच्या दारात उभं राहून असं बोलायला छाती लागते. तिला पुरस्कार मिळाला तो कशासाठी हे मानपत्रात लिहिलंय, पण मला विचाराल तर ह्यासाठी मिळायला हवा होता. खाली उतरताना ह्यांनी माझा दंड धरला. आयुष्यात कधी चारचौघांत माझा हात न धरलेला माणूस. सगळेजण आमच्या मागून, आमच्या चालीने, गुपचूप उतरले.

संध्याकाळी ते पुन्हा वर जाऊन बसले. मी रागाची वाट बघत होते, म्हणजे मग मलाही भांडता आलं असतं. ते रागावले नाहीत. खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "आणखी काय काय नाही आता?"

"म्हणजे?"

"मला वाटतंय की आहे, पण नाही, असं. सगळं सांग. नंतर असं कुणाकडून कळायला नको."

मी ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले आणि आठवून आठवून सांगू लागले. समोरच्या अक्कांच्या गेटावरची बोगनवेल वाळली. ह्यांच्या स्वतःच्या निळ्या शर्टाचा रंग उडाला, तो बाहेर घालण्यासारखा राहिलेला नाही. नातीचे पुढचे दोन्ही दात पडलेत, व्हिडिओ कॉलवर ती तोंडावर हात धरून हसते. ह्यावर ते हसले. मग मी थांबले.

"झालं?"

"माझे केस," मी म्हटलं. "काळे नाहीत आता. रंग लावणं सोडलं मी. वर्ष झालं असेल."

"का?"

"कुणासाठी लावायचा?"

मग मीच उगाच म्हटलं, "हुबेहूब तुमच्या आईंसारखी दिसते." त्यांनी हात पुढे केला. आधी माझा खांदा लागला, मग कान, मग केस.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना.