टँकर नसलेलं घर

कुंभारीच्या बसलिंगप्पाच्या खिशात कायम एक कार्ड असायचं आणि त्या कार्डावर एका बंगल्याचा फोटो. बंगला होटगी रस्त्यावरचा, चादरीच्या एका कारखानदाराचा. त्यांना सगळे नुसतं शेठ म्हणायचे. पुढं हिरवळ, आत गुळगुळीत संगमरवर, आणि सोलापूरच्या उन्हात बघूनच गार वाटावं अशा उंच खिडक्या. हा बंगला बसलिंगप्पाने बांधला होता. कार्डं छापून आली तेव्हा त्याच्या बायकोने, ईरम्माने, फोटो निरखून विचारलं होतं, ह्यात तुमी कुठं हाय? त्यावर तो हसला होता. बायकांना धंद्यातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांतला तो नव्हता, पण त्या दिवशी त्याला तसं वाटलं होतं खरं.

माणूस मात्र कामाचा. डोक्यावर घमेलं घेऊन सुरुवात केली, मग हातात थापी आली, मग चार माणसं जोडून स्वतः ठेके घ्यायला लागला. येडू मिस्त्री तेव्हापासून त्याच्याबरोबर. दोघांनी मिळून विडी कामगारांच्या वसाहतीत कितीतरी घरं उभी केली. दोन खोल्या, एक मोरी, वर स्लॅब. बसलिंगप्पाला एक खोड होती. घर मालकाच्या ताब्यात दिलं तरी त्याचा जीव तिथून सुटायचा नाही. येता-जाता मोटारसायकल मुद्दाम त्या गल्लीत घालायचा, मान वर करून स्लॅबकडे बघायचा आणि कुणी चहाला बोलावलंच तर चहा पिता पिता छताला डोळे लावून बसायचा. अशा माणसाला घर बांधायला द्यावं, आणखी काय हवं?

मग शेठचा बंगला मिळाला आणि बसलिंगप्पाला वाटलं, आता नशीब उघडलं. झालं उलटंच. बंगला बघून मोठी माणसं खूश व्हायची आणि आर्किटेक्टचा नंबर विचारून निघून जायची. छोट्या माणसांचे फोन तर हळूहळू बंदच पडले. गल्लीत नव्या मोऱ्या झाल्या, वरचे मजले चढले, पण ह्याला कुणी विचारलं नाही. माणसं जळतात आपल्यावर, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. कामाविना हात चोळत बसणं येडूला जमणारं नव्हतं. त्याला पुण्याहून बोलावणं आलं होतं आणि शनिवारी तो बाकीची माणसं घेऊन निघणार होता. येडू गेला म्हणजे बसलिंगप्पाकडे ठेकेदार म्हणून ते कार्ड तेवढं उरणार होतं.

एकच आशा होती. काही शिक्षकांनी मिळून अक्कलकोट रस्त्याला प्लॉट घेतले होते. तिथं एका ओळीत घरं बांधायची होती आणि ठेकेदार निवडायचं काम सगळ्यांनी चेतनाबाईंवर सोपवलं होतं. बाई हायस्कूलवर शिकवायच्या, कमी बोलायच्या. कार्ड बघून त्या एवढंच म्हणाल्या, की काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी हो म्हणायची नाही. बसलिंगप्पाला तर तेच हवं होतं. गुरुवारी सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो बाईंना बंगल्यापाशी घेऊन गेला.

फाटकावरचा वॉचमन नवा होता. बसलिंगप्पाने हा बंगला आपण बांधल्याचं त्याला सांगितलं, कार्डही दाखवलं. वॉचमनने आत फोन लावला, ऐकून घेतलं आणि बिचाऱ्याने जसंच्या तसं सांगून टाकलं.

"शेठ म्हणतात, बंगला आर्किटेक्टनं बांधलाय. ठेकेदार कोण होता ते आता लक्षात नाही."

बसलिंगप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच फाटकाचे खांब त्याने स्वतः ओळंबा धरून उभे केले होते. बाईंकडे बघायची त्याची छाती होईना. बाई मात्र काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, बांधकामाला इथं पाणी कुठलं वापरलं होतं? टँकरचं, तो म्हणाला, रोज यायचा.

"आमच्या प्लॉटवर पाण्याचे हाल आहेत आणि टँकर आम्हाला परवडायचा नाही," बाई म्हणाल्या. "टँकर नसलेलं एखादं घर दाखवा."

आता आली का पंचाईत! अशी घरं त्याने ढिगाने बांधली होती, पण त्यातलं एकही दाखवण्याजोगं त्याला वाटत नव्हतं. ह्याच घरांनी त्याला ठेकेदार केलं आणि गडी त्यांनाच कार्डावर घ्यायला लाजला. शेवटी वसाहतीतली सावित्रम्मा आठवली. बंगला झाल्यापासून तो तिकडं फिरकला नव्हता, पण ती रागावली तरी दार लावून घेणार नाही, एवढी खात्री होती.

सावित्रम्मा उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तिने हात थांबवला नाही.

"वाट चुकलास व्हय रे? बंगलेवाला झालास, आता हितं कशाला येशील?"

पण बाईंना घर बघायचंय म्हटल्यावर ती सूप बाजूला ठेवून उठली. बाईंनी खोल्यांची छतं बघितली. कुठं ओलीचा डाग नाही, चीर नाही. मग सावित्रम्माने न विचारताच सगळं सांगितलं. स्लॅब ओतला तो ऐन उन्हाळ्यात, नळाला पाणी नाही आणि स्लॅब तर सतत ओला ठेवायचा. तेव्हा हा माणूस रोज उजाडताच आपल्या भावाच्या शेतातल्या बोअरचं पाणी मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून आणायचा आणि स्लॅबवर अंथरलेली पोती स्वतः भिजवून जायचा. स्लॅब पक्का होईपर्यंत त्याने एक दिवस चुकवला नाही. एकदा येताना घसरून पडला, गुडघा फोडून घेतला, पण आधी पोती भिजवली आणि मग गुडघा धुतला. बाई ऐकत होत्या आणि बसलिंगप्पा खाली बघत होता. हे सगळं तो स्वतः विसरून गेला होता.

मागं मोरी होती. ती नवी दिसत होती, पण फरशी खचलेली आणि पाणी भिंतीत मुरलेलं. हे कुणी केलं, असं बाईंनी विचारलं.

"ह्याचं न्हाय हे," सावित्रम्मा म्हणाली. "ह्याला सांगायची लाज वाटली. शेठचा बंगला बांधणाऱ्याला माजी मोरी बांध म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

आणि ती एकटीच नाही, अख्ख्या गल्लीला तसंच वाटत होतं, हेही तिने सांगितलं. बसलिंगप्पाला आता उमगलं. माणसं जळत नव्हती, लाजत होती. फोटो बघून त्यांनी आपणहून पाऊल मागं घेतलं होतं आणि तो मात्र त्यांनाच नावं ठेवत बसला होता. इस्त्रीच्या शर्टाचं भान न ठेवता तो मोरीत उकिडवा बसला, ओल्या भिंतीवरून हात फिरवला आणि बाईंकडे पाठ असतानाच बोलला.

"बाई, तुमचं काम मिळू दे न्हाय तर न्हाय मिळू दे. उद्या सकाळी येडू हितं येतोय. ही मोरी झाल्याबिगर मी दुसऱ्या कामाला हात लावणार न्हाय."

बाई म्हणाल्या, "मोरी झाली की आमच्या प्लॉटवर आखणीला या. बाकीच्या शिक्षकांना मी सांगते."

सावित्रम्मा चहा ठेवायला आत गेली. बसलिंगप्पाने हात शर्टालाच पुसले आणि पायरीवर बसून येडूला फोन लावला. पुण्याला कळव, येत न्हाय म्हणून, काम मिळालंय, तो म्हणाला.

"शेठनं दिलं जणू, अण्णा?" येडूने विचारलं.

"न्हाय," बसलिंगप्पा म्हणाला. "सावित्रम्मानं दिलं."