न धुतलेला कोट

कुराहाशी तोमिएबाईंना स्वच्छतेचं वेड होतं. डोंगरपायथ्याच्या त्या लहानशा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आल्या, त्याच हिवाळ्यात त्यांनी प्रयोगशाळेच्या दारावर नियम चिकटवला: ‘वर्ष संपताना जुन्या वर्षाचा कणही उरू नये.’ वर्षअखेरची झाडलोट जपानात घरोघरी होते, पण बाईंच्या झाडलोटीचं नाव काढलं की पोरं पळवाटा शोधायची. स्वतःचा कोट मात्र बाई कधी धुवत नसत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

नोकरीच्या अडतीस वर्षांपैकी अठरा वर्षं त्या एका रानवेलीच्या मागे होत्या. गावच्या म्हाताऱ्या पोटदुखीवर तिचा काढा देत. त्यातल्या औषधी द्रव्याच्या रेणूची रचना बाईंनी कागदावर मांडली, तेव्हा तोक्योचे एक बडे प्राध्यापक भर परिषदेत हसून म्हणाले होते, “कल्पना छान आहे.” ते हसू बाईंच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. पुराव्याला एक चांगला स्फटिक हवा होता. क्ष-किरणांखाली धरला की कोणता अणू कुठे, ते स्पष्ट दिसतं. नोव्हेंबरात एकदाचे स्फटिक आले, पण मोहरीहून बारीक. मोठे करावेत म्हणून बाईंनी सगळेच पुन्हा विरघळवले. मार्चअखेर त्या निवृत्त होणार होत्या.

डिसेंबरात शेवटच्या वर्षाला शिकणाऱ्या इवासे चिगुसाने तीन दिवस खपून प्रयोगशाळा आरशासारखी केली. सेन्सेईंची, म्हणजे तिच्या बाईंची, ही शेवटची झाडलोट, कसर राहायला नको. बाईंनी तिच्या हाती आपला डागाळलेला कोटही दिला आणि टाकून दे म्हणाल्या.

जानेवारीत स्फटिक येईनात. बर्फात ठेवा, काचेला कांडीने खरवडा, तळाशी नुसता काकवीसारखा चिकटा. मग बाईंच्या ध्यानात आलं. दुधाला विरजण लागतं तसा स्फटिकालाही आधीच्या स्फटिकाचा कण लागतो. असे कण खोलीच्या धुळीत असतात, आणि ती धूळ आता औषधालाही उरली नव्हती.

चिगुसा माफी मागायला कमरेत वाकली ती वर उठेचना. “सेन्सेई, मी तुमची अठरा वर्षं धुऊन टाकली.”

“नियम कोणाचा होता? माझाच ना? मान वर कर आधी. चहा निवतोय.”

बाई असं म्हणाल्या खरं, पण मनातून मोठं वाईट वाटलं त्यांना.

चिगुसाने मान वर केली नाही. खालीच बघत ती पुटपुटली, “तुमचं एक सांगणं मी ऐकलं नाही. कोट टाकला नाही. माझ्या कपाटात आहे.”

“धुतलास?”

“नाही.”

“देवच पावला,” बाई म्हणाल्या.

त्यांनी नोव्हेंबरातली धूळ बसलेली कोटाची बाही चंबूवर धरून दोनदा झटकली. चौथ्या दिवशी सकाळी तळाशी तांदळाएवढे स्वच्छ स्फटिक होते. त्यातला एक त्यांनी क्ष-किरणांखाली धरला.

रचना बाईंचीच निघाली, फक्त अणूंची एक फांदी उलट्या बाजूला होती. तोक्योला त्यांनी स्वतःच कळवलं: एके ठिकाणी चुकले होते, बाकी ती नुसती कल्पना नव्हती.

मार्चच्या शेवटच्या दिवशी त्यांनी दारावरच्या नियमाखाली एक ओळ लिहिली: ‘एक कोट मात्र धुवू नये.’ चिगुसा एप्रिलपासून तिथेच साहाय्यक म्हणून लागणार होती. बाईंनी कोट तिच्या खुंटीला अडकवला आणि रिकाम्या हाताने घरी गेल्या.