नकटोऱ्यातला फौजदार

आमच्या कॉलेजच्या सभागृहात पुण्याहून नाचाचा एक संच आला होता. नाचातलं मला फारसं कळत नाही. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे असलं काही बघायला आधी कोणी नेलंही नव्हतं. पण त्या दिवशी मी मायला सौंदडहून गोंदियाला बोलावून घेतलं, आणि त्यामागे माझा एक हेतू होता.

माय पूर्वी नाचायची. आमच्याकडे नवरदेवाची वरात निघाली की घरी राहिलेल्या बायका नकटोरा करतात. पुरुष कोणी नसतात, म्हणून बायकाच पुरुषांची सोंगं घेतात. कोणी भटजी, कोणी डॉक्टर, कोणी दारुडा. माय दर वेळी फौजदार व्हायची. अंगात बाबांचा खाकी सदरा, ओठावर काजळाची मिशी, हातात तुराटीची काठी. नाचत नाचत ती एकेकीला अटक करायची आणि हाताला धरून रिंगणात ओढायची. फौजदाराने हात धरला की नाही म्हणायची सोय नसे.

बाबा गेले, तेव्हापासून ती नकटोऱ्यात दाराजवळ बसते. आता चुलतभावाचं लग्न ठरलं होतं. मला माय पुन्हा रिंगणात बघायची होती, एवढंच. कॉलेजच्या फलकावर नाचाच्या कार्यक्रमाचा कागद लागला, त्यावर पांढऱ्या केसांच्या बाईचा फोटो होता. वाटलं, मायने हे एकदा बघावं.

फोनवर ती म्हणाली, "मले काय समजते तिथंचं? धान खळ्यावर पडून हाय."

"माय, दुपारचाच कार्यक्रम आहे. संध्याकाळच्या गाडीने परत जाशील."

"बरं. पण मी मागं बसीन."

आम्ही मागेच बसलो. पडदा उघडला तेव्हा मंचावर सहा बायका उभ्या होत्या. साऱ्या पन्नाशीच्या आसपासच्या किंवा पुढच्या. राखाडी सदरे, ढगळ विजारी, पाय अनवाणी. गाणं नव्हतं, काही नव्हतं. त्या नुसत्या चालत होत्या. मागून एक पोरगा ओरडला, "भैया, साउंड बंद है क्या?" सगळे हसले. मला मायपुढे लाज वाटली, की आपण हिला कुठे आणलं.

मग हळूहळू हसणं थांबलं. त्यांच्या पावलांचा आवाज ऐकू यायला लागला, नंतर श्वासाचा. एक जण पडायची, दुसरी तिला उठवायची, मग उठवणारीच पडायची. त्या धाडकन पडत नव्हत्या. आधी तळहात, मग कोपर, मग कूस. जमिनीला विचारून टेकत होत्या. उठताना गुडघ्यावर हात ठेवत होत्या, आणि ते लपवत नव्हत्या. आमच्या गॅदरिंगमध्ये मुली नाचतात तेव्हा सगळं कसं पटापट होतं. इथे एका बाईने नुसती मान वळवली, तर तीही बघत राहावीशी वाटली. असं का वाटलं, ते मला नीट सांगता येणार नाही.

शेवटी पांढऱ्या केसांची ती बाई एकटी उरली. तिने एक हात पुढे केला. समोर कोणीच नव्हतं. हात तसाच राहिला, मग थरथरायला लागला. तिने तो खाली घेतला नाही.

मायने माझं मनगट घट्ट धरलं. "या साऱ्याच तशा का वो?"

"कशा?"

"कपाळ बघ ना त्यायचं. हातात बांगडी बी नाई."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. नाचणाऱ्या बायकांनी टिकली लावली नव्हती, हात मोकळे होते, म्हणून मायला त्या साऱ्या विधवा वाटल्या होत्या. शहरात नवरा असलेल्या बायकाही अशा राहतात, एवढं मला कॉलेजात येऊन कळलं होतं. सांगावं असं वाटलं. पण माय इतक्या आशेने मंचाकडे बघत होती की सांगवलं नाही.

कार्यक्रमानंतर व्हरांड्यात चहा होता. ती पांढऱ्या केसांची बाई कप घेऊन खांबाला टेकली होती. मी अडवायच्या आत माय तिच्यापाशी गेली.

"बाई, तुमचे मालक कधी गेले?"

"कुठे गेले?" ती गोंधळली, मग हसली. "घरीच आहेत हो. आत्ताच फोन होता, चहाची साखर सापडत नाही म्हणून."

बाकीच्याही हसल्या. मायही थोडी हसली. "असं होय. चांगलं हाय." तिने पदर सारखा केला. त्या बाईचं लक्ष मायच्या कपाळाकडे गेलं असावं, कारण तिने हातातला कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही नाचता का ताई?"

"आधी नाचत होती," माय म्हणाली. "चाल वो पोरी, गाडी हाय."

तिला सोडायला म्हणून मीही गाडीत बसले. बराच वेळ ती खिडकीबाहेर कापणी झालेली शेतं बघत होती.

"मले वाटलं होतं..." एवढं म्हणून ती थांबली.

"माय, तुले नाचायले कोण अडवते?"

"कोणी नाई अडवत," ती म्हणाली. "ओढत बी नाई कोणी."

लग्नाच्या दिवशी वरात गेली. अंगणात बायकांनी रिंगण धरलं, थाळी वाजायला लागली. माय दाराजवळ बसली. मी पेटीतून बाबांचा खाकी सदरा काढून आणला होता. तो घेऊन तिच्यासमोर गेले आणि दुसरा हात पुढे केला.

"बस झालं. बाया पाहून राहिल्या."

मी हात खाली घेतला नाही. थोड्या वेळाने तो दुखायला लागला. मायने माझ्याकडे बघितलं, मग सदऱ्याकडे. सदरा घेतला, झटकला, आणि माझ्याच अंगात चढवला. वरच्या गुंडीपासून एकेक गुंडी लावली. काजळाचं बोट माझ्या ओठावर फिरवलं, दाराआडची तुराटीची काठी हातात दिली.

"तू हो फौजदार."

मला नाचता येत नाही. रिंगणात जाऊन मी नुसतीच उभी राहिले.

"काऊन लाजून राहिली?" दारातून मायचा आवाज आला. "फौजदार लाजते का कधी? काठी सरळ धर! पाय आपट!"

बायका खदाखदा हसल्या. मी पाय आपटले. काकूला पकडलं, मग दारुडा झालेल्या मामीला. प्रत्येक फेरीत मी दाराकडे बघत होते. शेवटी नाचत नाचतच तिच्यापर्यंत गेले आणि तिचं मनगट धरलं.

"चला, तुम्हालाबी अटक."

माझी मिशी घामाने ओघळली होती. मायने पदराच्या टोकाने ती पुसून सारखी केली. मनगट सोडवून घेतलं नाही.

"आधी त्या मावशीले पकड," ती म्हणाली. "मी कुठं पळून जाऊन राहिली."