अधिकमास धरून काढलेलं आगमन

माझ्या गणितामुळे एका म्हातारीचा डोळा गेला. मी शिरूर कासारला शाळेत गणितच शिकवतो, त्यामुळे तोंड लपवायलाही जागा नाही.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. रविवारी उपासना संपली की बायका घरी जायच्या आणि आम्ही चार-पाच पुरुष प्रभूच्या पुनरागमनाची, म्हणजे जगाच्या शेवटाची, तारीख काढत बसायचो. बायबलातल्या संदेष्ट्याची सत्तर सप्तकं, म्हणजे सत्तर आठवडे, घ्यायची, एक दिवस म्हणजे एक वर्ष धरायचं आणि मोजत यायचं. बेरीज आपल्या हयातीपुढे जायला लागली, की एखाद्या राजाला थोडं आधीच गादीवर बसवायचं. मेलेले राजे तक्रार करत नाहीत. असं करत जग दिवाळीआधी संपणार हे मी सिद्ध केलं आणि फळ्यावर उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

मंडळीतल्या एक विधवा मावशी तेव्हा मोतीबिंदूच्या शिबिराला निघाल्या होत्या.

"मास्तर, करू का आपरेशन?"

"कशाला मावशी? दिवाळीच्या आत प्रभू नवं शरीर देणार. जुन्या डोळ्याला सुरी कशाला लावता?"

त्या राहिल्या.

दिवाळी आली. फटाके वाजले, शेजारून फराळाची ताटं आली, जग होतं तिथंच होतं. एखादा शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि मला उमगलं, की आपण अधिकमास धरलेलेच नाहीत! मग संदेष्ट्याच्या काळातल्या बाबेलच्या बंदिवासापासून आजपर्यंत दर तीन वर्षांनी एक धोंड्याचा महिना घातला. संदेष्ट्याच्या लोकांनी कधी जावयाला धोंडे खाऊ घातले होते का, हे कुणी विचारलं नाही. उलट चर्चचे पाळक म्हणाले, "मास्तर, ही तुमची नजर!" बेरीज सत्तर वर्षं पुढे गेली, म्हणून दोन-तीन राजे आणखी आधी बसवले आणि आगमन उन्हाळ्यावर आणलं. मावशींनी पुढचं शिबिरही सोडलं.

उन्हाळ्यात त्यांचा डोळा लाल झाला, कपाळ फुटायची वेळ आली. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू पिकून आत दाब वाढला, नस वाळली. या डोळ्याला आता उपाय नाही.

पुढच्या रविवारी मी मंडळीपुढे उभा राहून साक्ष दिली. "आपण सारे घाईनं चुकलो," म्हणालो. 'आपण सारे' म्हटलं की वाट्याला फार थोडं येतं. पाळकांनी माझ्या नम्रतेबद्दल प्रभूचे आभार मानले. घरी येऊन मी मटणाचा रस्सा दोनदा घेतला.

मावशी उपासनेला येईनात, तेव्हा त्यांच्या घरी गेलो. त्या दारात शेंगा फोडत होत्या.

"कोण? इकडून या, त्या बाजूनं न्हाई दिसत."

मी बाजू बदलली.

"मास्तर व्हय? बसा. एक इचारू का? जग संपायचं व्हतं, तर तुमी घरावर पान्याची नवी टाकी कशापायी बसिवली?"

मी त्यांच्या पुढ्यातली एक शेंग उचलून फोडू लागलो.

"लई मोठी हाय म्हनं. धा वर्षांची ग्यारंटी."

त्यांना शिबिराला जाऊ नका म्हटलं, त्याच आठवड्यात मी ती बसवली होती. गॅरंटी किती, हे दुकानदाराला मीच खोदून खोदून विचारलं होतं.

"मावशी," मी म्हणालो, "मला स्वतःला ते खरं वाटत नव्हतं. चारचौघांत हुशार दिसायचं होतं, म्हणून तुम्हाला थांबवलं. तुमचा डोळा माझ्यामुळं गेला. मला माफ करा."