पाचवी जागा

रझिया मॅडमच्या प्रयोगशाळेतली सगळी कपाटं एकाच किल्लीने उघडायची. तशी एकसारखी कुलपं त्यांनी अकोल्याच्या बाजारातून मुद्दाम शोधून आणली होती. कोणी हसलं की म्हणायच्या, "माह्या जंतूले विचारा. चार शब्द वाचाले तो एकच गडी ठेवते. मंग मी काहून चार किल्ल्या सांभाळू?"

अमरावतीच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. रोज अकोल्याहून एसटीने यायच्या. मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होतो. बाई फटकळ. चारचौघांत झापायच्या आणि दुपारी स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी मुकाट्याने माझ्यापुढे सरकवायच्या.

त्यांचा जंतू शेळीच्या फुप्फुसात राहायचा. तिथं सगळं आयतं मिळतं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्याने एकेक जनुक टाकून दिलं होतं. पेशीला भिंतसुद्धा ठेवली नव्हती, त्यामुळे पेनिसिलिनची मात्रा चालत नसे. जनुकातले तीन-तीन अक्षरी शब्द वाचणारे रेणूही मोजकेच. एक शब्द तर असा, की तो दिसला की बाकीचे बहुतेक जंतू प्रथिन जोडणं थांबवतात. याने तिथं थांबवणारा रेणूच काढून टाकला आणि त्याच शब्दावर एक अमिनो आम्ल जोडून पुढे जायला सुरुवात केली. "घरातला मानूस गेला का त्याचं काम दुसऱ्याले उचलाच लागते," मॅडम म्हणायच्या. नवरा गेल्यावर दोन मुली त्यांनी एकटीने वाढवल्या होत्या. पण तो विषय त्या कधी काढत नसत.

या जंतूचं एक प्रथिन हाती आलं असतं, तर शेळी खोकायच्या आधीच तिच्या रक्तावरून आजार ओळखता आला असता. पण ते प्रथिन बनवून घ्यायचं होतं प्रयोगशाळेतल्या साध्या जंतूकडून, आणि तो त्या शब्दावर थांबणार. म्हणून जनुकात तो शब्द जिथं जिथं असेल तिथं आधी बदलून घ्यायचा. त्या जागा शोधायचं काम माझं. भारनियमनामुळे संगणकाचा भरवसा नसे, म्हणून मॅडमच्या पद्धतीप्रमाणे जनुक कागदांवर छापून मी पेन्सिलीने ओळ न्‌ ओळ वाचली. चार जागा सापडल्या. चारही बदलल्या, प्रथिन बनलं आणि त्यावरून चाचणी तयार झाली.

बेबीताई आमच्याकडे काचसामान धुवायची. तिचं गाव नांदगाव पेठेच्या पलीकडे. सलग तीन वर्षं कापूस हातचा गेला होता. पंचक्रोशीतून रोज एखादी वाईट बातमी यायची. तिचं घर नऊ शेळ्यांवर चाललं होतं. त्यातली कबरी शेजाऱ्याच्या कळपातून आणलेली, आणि तोच कळप खोकू लागला, म्हणून तिला वेगळी बाहेर बांधली होती. आम्ही जाऊन नऊही शेळ्यांचं रक्त आणलं. चाचणीत नऊही निरोगी निघाल्या.

मॅडमचा नियम होता, की आजारी म्हणून आधीच सिद्ध झालेल्या शेळीच्या रक्तावर चाचणी पडताळल्याशिवाय निकाल बाहेर सांगायचा नाही. ते रक्त अजून यायचं होतं. पण बेबीताई दारातून हलेना.

"मॅडम, कबरी गाभन हाये. भाइर कुत्रे फिरून राह्यले. बाकीच्याइसंगं आत बांधू का नको, येवढंच सांगा."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. म्हणाल्या, "बांध आत."

महिन्याभरात नऊही शेळ्या गेल्या. कबरी आधी, तिच्या पोटातल्या पिलांसकट. नंतर केव्हातरी ते पडताळणीचं रक्त आलं, आणि आमच्या चाचणीने तेही निरोगी ठरवलं. मी छापील कागद पुन्हा काढले. एका कागदाच्या तळाशी दोन अक्षरं होती, तिसरं दुसऱ्या कागदाच्या माथ्यावर. ती पाचवी जागा. साधा जंतू तिथं थांबला होता. प्रथिनाचं थोडंसं शेपूट तुटलं होतं, आणि आजारी शेळीचं रक्त नेमकं तेवढंच ओळखत होतं.

मी मॅडमना सांगितलं. त्या झापतील म्हणून मी खाली मान घालून उभा राहिलो. त्यांनी झापलं नाही, आणि मला जास्तच भीती वाटली. "तुले दिसलं नाही, बेटा. मी तपासलं नाही. पन तिले सांगनारी मीच," एवढंच म्हणाल्या आणि पर्स उचलली.

बेबीताईच्या गोठ्यात नुसती दावी लोंबत होती. मॅडम उभ्या उभ्याच बोलल्या, "बेबी, चाचनी चुकीची होती. मी तुले सांगालेच नको होतं."

बेबीताई रडली नाही, ओरडलीही नाही. "मॅडम, मले माईत नाही, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी भेली असती. भेली असती तं कबरीले बहिनीकडे नेऊन बांधली असती."

परतीच्या बसमध्ये मॅडम पदराने तोंड झाकून रडल्या. बेबीताई पुन्हा कामावर आली नाही. सूतगिरणीत लागली, असं कानावर आलं. पाचवी जागा बदलल्यावर चाचणी चोख चालली, पण तिचं कौतुक सुरू झालं की मॅडम उठून जायच्या. पुढे कोणीही काही विचारलं, की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "मले माईत नाही. पाहून सांगतो."

काही वर्षांनी अकोल्यात त्या हृदयविकाराने गेल्या. त्यांची कपाटं रिकामी करायला मीच गेलो, ती एकच किल्ली घेऊन. तळाच्या खणात ते दोन कागद होते, कडेला कड लावून चिकटवलेले. पाचव्या जागेभोवती लाल वर्तुळ. खाली त्यांच्या अक्षरात कबरी, चांदी, बुटकी अशी नऊ शेळ्यांची नावं. त्याखाली लिहिलं होतं, 'चूक : रझिया'.

मी कागद उलटून पाहिले, पुन्हा सुलटे केले. माझं नाव कुठेच नव्हतं.