दुधावरचा पहारा

सुभेदारांचा आवाज असा, की ते नुसते शिंकले तरी गल्लीतली माणसं सरळ उभी राहायची. फौजेतून निवृत्त होऊन वर्षं लोटली, बायको गेली, घर खायला उठलं, पण आवाज काही खाली आला नाही. बोलायचं म्हणजे हुकूम सोडायचा, एवढंच त्यांना ठाऊक.

अशा माणसाकडे लेक दोन पोरं घेऊन राहायला आली. जावई जहाजावर, आणि तिला दवाखान्यात नर्सची नोकरी लागलेली. आल्या आल्या तिनं बजावलं, "बाबा, महिनाभर बघते. पोरांचे हाल झाले तर दवाखान्याजवळ खोली घेईन आणि त्यांना पाळणाघरात घालीन. मग रागावू नका."

"बघ की," सुभेदार म्हणाले. वरून बेफिकीर, पण मनात हिशेब सुरू झाला होता. पोरं गेली की पुन्हा त्याच चार भिंती. काय वाट्टेल ते होवो, ही मोहीम फत्ते करायचीच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आता लेकरं सांभाळायची कशी, हे त्यांना कुठलं माहीत? पलटण सांभाळायची माहीत. मग काय, सकाळी डोळे उघडले की हजेरी. थोरला दुसरीतला, धाकटी अजून शाळेतही न जाणारी. दोघं पलंगाशी ताठ उभी.

"हजर," धाकटी चिवचिवायची.

"आवाज नाही आला," सुभेदार गरजायचे. मग ती अशी किंचाळायची, की शेजारीण खिडकी लावून घ्यायची.

धाकटी तर सवाई सुभेदार निघाली. एकदा पहाऱ्यावर उभी राहिली की नाकावर माशी बसली तरी हलायची नाही. आजोबांनी "पहारा उठला" म्हटल्यावरच पाय उचलायची. आणि आजोबा? तिच्या वेणीचा गुंता सुटेना की तोंडात आलेली शिवी गिळायचे, तिच्या इवल्याशा बुटांना चेहरा दिसेस्तोवर पॉलिश करायचे. गडी पार पाघळला होता, पण कबूल करतोय कोण.

महिना सरत आला आणि घात झाला. दुपारी गॅसवर दूध ठेवून सुभेदारांनी धाकटीला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. "दुधावर नजर ठेवायची. जागा सोडायची नाही, बडबड करायची नाही." आणि स्वतः बाहेरच्या खोलीत तिच्याच बाहुलीचा उसवलेला हात शिवायला बसले. सुईत दोरा जाईना, माणूस इरेला पेटला. इकडे दूध वर आलं, उतू गेलं, आच विझली, गॅस सुटला. सुभेदारांचं नाक बारुदाच्या धुरानं केव्हाच कामातून गेलेलं. धाकटीला हुकूम होता तो नुसतं बघण्याचा, तिनं शेवटपर्यंत बघितलं.

लेक कामावरून आली ती जिन्यातच वासानं चरकली. धावत येऊन तिनं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, पोरीला उचलून गॅलरीत आणलं.

"अगं, हाक नाही का मारायची?"

"बडबड नाही करायची," पोरगी म्हणाली.

सुभेदार मागोमाग गॅलरीत आले, सुई अजून चिमटीतच. "हुकूम मी अर्धवट दिला. चूक माझी. घेऊन जा त्यांना," एवढंच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी पिशव्या भरल्या. थोरला मुसमुसत बूट घालून बसला. धाकटी मात्र आजोबांच्या खोलीच्या दारात ताठ उभी.

"चल गं," आई म्हणाली.

"माझा पहारा आहे."

"कशावर?"

"आजोबांवर."

आईनं हात धरून ओढलं, पण पोरगी तसूभर हलेना. "बाबा, तुम्हीच सांगा तिला," लेक म्हणाली.

सुभेदार उठले. लेकरं सुखरूप राहायची तर हा हुकूम द्यायलाच हवा, आणि आजवर कुठल्या कामाला त्यांनी पाठ दाखवली नव्हती. छाती पुढे काढून त्यांनी तोंड उघडलं. नुसते ओठ हलले.

"आवाज नाही आला," धाकटी गरजली.

त्यांनी पुन्हा घसा खाकरला, पुन्हा जोर लावला. शब्द काही फुटेना. डोळ्यांतलं पाणी मात्र मिशीपर्यंत आलं. बायको गेली तेव्हाही बापाला रडताना लेकीनं पाहिलं नव्हतं. ती बघतच राहिली. मग तिनं खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, "उद्यापासून दूध मी तापवून जात जाईन."